गद्धेगाळावर दोन तारखा, मध्ये एक वर्ष दहा दिवस: काळप्रवासाच्या रहस्यकथेसाठी जाणकारांची मदत हवी

चाळीतला_लेखक

दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितोय. सांगाडा असा: माहीमला एका जुन्या चाळीच्या पुनर्विकासात पाया खणताना गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेला दगड) निघतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि बाई. मूळ लेख 'शके १०६०, दुर्मती संवत्सर' असा ठेवलाय, महिकावतीच्या बखरीतल्या प्रतापबिंब राजाच्या काळाशी जुळावा म्हणून. लिपी मोडी घेतली आहे. त्याखाली कुणीतरी नंतर खरडलेल्या दोन तारखा: एक २ मार्च १६८२, दुसरी १२ मार्च १६८३. अक्षरं दोन हातांची, पण दोन्हीपुढे चिन्ह एकच. नायक ते चिन्ह ओळखतो, कारण ते त्याच्या स्वतःच्या सहीतलं आहे.

म्हणजे तो मागे गेला होता, आणि एकदा नाही, दोनदा. निदान त्याला तसं वाटतं. मला मात्र शेवटी एक साधं, यंत्राविना चालणारं स्पष्टीकरणही हवंय. वाचकाला दोन्ही शक्य वाटलं पाहिजे. ते काही सुचत नाही.

दुसरं, दगडाचं वय ठरवायला कार्बन डेटिंगचा प्रसंग लिहिलाय, तो चालेल ना? आणि हॉर्नबी वेलार्ड या मुंबईच्या जुन्या बांधाची दंतकथा कुठेतरी बसवायची आहे. चुका बेधडक दाखवा, छापून आल्यावर पत्रं नकोत.

---

पंचांगी

तुमचं स्पष्टीकरण तुम्हीच लिहून ठेवलंय आणि तुम्हाला दिसलेलं नाही! २ मार्च १६८२ आणि १२ मार्च १६८३ हा एकच दिवस आहे. एकच शुक्रवार.

माहीम १६६५ पासून इंग्रजांकडे. खाडीपलीकडचं वांद्रे आणि सगळी साष्टी १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे. पोपने १५८२ मध्ये कालगणना सुधारली, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. पोर्तुगाल कॅथलिक, त्याने ती लगेच घेतली. इंग्रजांनी पोपचं ऐकायचं नाही म्हणून १७५२ पर्यंत जुनीच ज्युलियन गणना चालवली. त्यामुळे १७०० पर्यंत दोघांत १० दिवसांचा फरक आणि त्यानंतर ११ दिवसांचा. माहीमच्या धक्क्यावरून होडीत बसलात की पलीकडे उतरेपर्यंत दहा दिवस पुढे. काळप्रवासाला याहून स्वस्त यंत्र मिळायचं नाही.

आता उरलं एक वर्ष. इंग्रजांचं सरकारी वर्ष तेव्हा १ जानेवारीला नाही, २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून मार्चच्या २ तारखेला माहीमच्या कारकुनाच्या लेखी १६८२ साल अजून संपलेलं नसतं, तर वांद्र्याचा पाद्री दोन महिन्यांपूर्वीच १६८३ लिहायला लागलेला असतो. दहा दिवस अधिक एक वर्ष. तुमचं कोडं सुटलं.

एक खाच आहे. जाणते इंग्रज हा गोंधळ टाळायला जानेवारी ते मार्चच्या तारखांत '१६८२/८३' असं जोडसाल लिहायचे. तुमची तारीख खरडणारा असा शिकलेला ठेवलात तर रहस्य पहिल्याच पानावर फुटेल. गोदीवरचा साधा शिपाई किंवा घाईतला कारकून दाखवा.

आता गंमत. त्या दिवशीची तिथी काढली तर फाल्गुन पौर्णिमा येते. होळी! शके १६०४. तुम्ही योगायोगाने शिमग्याची रात्र निवडली आहे, आता सोडू नका. तिसरी ओळ नागरीत टाका, 'शके १६०४ दुंदुभी संवत्सरे फाल्गुन शु॥ १५', म्हणजे वाचकाच्या हाती किल्लीही येईल आणि ती किल्ली आहे हे त्याला कळणारही नाही. तिथी आणि वार दोन्ही काठांवर सारखेच असतात. भांडण फक्त तारखेचं.

संवत्सराचं नाव मात्र नीट तपासा. शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी उरेल तितकावा संवत्सर, प्रभव पहिला धरून. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. १६०४ अधिक १२ म्हणजे १६१६, बाकी ५६, छप्पन्नावा दुंदुभी. खात्री हवी तर शिवराज्याभिषेक घ्या: शके १५९६, बाकी ४८, आनंद संवत्सर. बरोबर. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखात शक ९३४ आणि 'प्रधावी' संवत्सर आहे. बाकी ४६, परिधावी. तोही बरोबर.

तुमचा शके १०६० आणि दुर्मती मात्र जुळत नाहीत. १०७२ ला ६०ने भागून बाकी ५२, म्हणजे कालयुक्त. दुर्मती पंचावन्नावा. जुन्या लेखांत एक वर्षाची चूक चालते, कारण काही जण सरलेलं वर्ष मोजायचे आणि काही चालू. तेव्हा 'शके १०६० पिंगल' लिहिलंत तरी निभावेल. तीन वर्षांची चूक निभावत नाही. किंवा मुद्दाम ठेवा आणि कुणाला तरी त्यावरून 'हा दगड बनावट आहे' म्हणू द्या.

---

दगडधोंडे

पंचांगींनी मजा आणली. वाचनखूण साठवली. मी दगडाकडे वळतो, कारण तिथे तीन गोष्टी अडतात.

पहिली म्हणजे कार्बन डेटिंग. ती काढाच. ती लागते एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूला: लाकूड, कोळसा, हाड, शिंपला, बी. बेसाल्टला काय लागणार? आणि दगडाचं वय निघालं तरी ते लाव्हा थिजल्याचं निघेल, सहा-साडेसहा कोटी वर्षं. कोरल्याचं नाही. दगडाच्या बुडाशी, त्याच थरात चुलीचा कोळसा सापडला तर त्याचं वय काढता येतं. पण तोही फक्त एवढंच सांगतो की दगड त्या थरात केव्हा पडला असावा. कोरीवकामाचं वय अक्षरवटिकेवरून, म्हणजे अक्षरांच्या वळणावरून, आणि लेखातल्या शक-संवत्सरावरून ठरवतात.

दुसरी म्हणजे मोडी. बाराव्या शतकातल्या शिलाहार राजांच्या लेखाला मोडी चालणार नाही, नागरीच हवी. ती नागरीही आजची नव्हे. एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या आधी उभ्या दंडासारखी द्यायचे, तिला पडिमात्रा म्हणतात. नवख्याला 'दे' हा 'ाद' असा दिसतो. तुमच्या नायकाचा मित्र पहिल्या वाचनात इथेच चुकू द्या, अगदी खरं वाटेल. भाषाही भेसळीची ठेवा. परळला सापडलेल्या अपरादित्य राजाच्या लेखात दानाचा मजकूर संस्कृतात आणि शिवी मराठीत आहे. संस्कृत राजासाठी, शिवी ज्याला कळायला हवी त्याच्यासाठी. चंद्र-सूर्याचा अर्थ 'ते असेपर्यंत हे दान चालेल', आणि गाढवाचं चित्र ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी. शिवी इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

मधल्या पट्टीत राजाचं नाव घालणार असाल तर शके १०६० ला उत्तर कोकणात पहिला अपरादित्य आहे. वर परळच्या लेखाचा म्हटला तो दुसरा, शतकाच्या उत्तरार्धातला. दोघांची गल्लत बऱ्याच ठिकाणी होते. प्रतापबिंबाला बखरीतच राहू द्या. महिकावतीच्या बखरीत वेगवेगळ्या काळी लिहिलेली प्रकरणं एकत्र आली आहेत, इतिहासकार राजवाड्यांनी १९२४ मध्ये ती छापली तेव्हापासून बिंबांच्या सालांवर वाद चालू आहे. बाराव्या शतकातला प्रतापबिंब आणि देवगिरी पडल्यावर तेराव्याच्या अखेरीस आलेला भीमदेव, या दोघांच्या कथा लोकांच्या तोंडी एकच 'बिंबराजा' झाल्या. तुमच्या कथेत एखादी म्हातारी सहज म्हणू शकते, 'बिंबराजा दोनदा आला होता.' नायकाला ते स्वतःबद्दलच वाटेल.

तिसरी म्हणजे नंतर खरडलेल्या तारखा खऱ्या की कालच्या, हे कसं कळतं? उघड्यावर राहिलेल्या बेसाल्टवर तांबूस-करडी साय धरते. जुन्या खाचेतही ती असते. ताजी खाच उजळ राखाडी, कडा धारदार, आणि भिंगाखाली लोखंडी छिन्नीचे चकचकीत कण दिसतात. सोळाशेची खाच मूळ लेखापेक्षा उजळ आणि कालच्या खाचेपेक्षा मळकट हवी. शेंदूर असेल तर मात्र काहीच सांगता येत नाही. आणि शेंदूर असणारच, कारण अशा दगडाचा देव व्हायला वेळ लागत नाही. परळलाच १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात निघालेलं सात मूर्तींचं शिवाचं शिल्प बारादेवी म्हणून पूजेत आहे.

वाचनाचा प्रसंग लिहायचा तर असा लिहा. मऊ ब्रश आणि साधं पाणी, माती भिजवून काढायची. तारेचा ब्रश नाही, अ‍ॅसिड नाही, अक्षरांत खडू किंवा पीठ भरणं नाही. रात्री अंधारात टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायचा. समोरून उजेड टाकला तर उथळ अक्षरं नाहीशी होतात, कडेने टाकला तर सावली धरतात. टॉर्च एकेका बाजूने फिरवत, कॅमेरा न हलवता निदान आठ फोटो. उभ्या रेघा एका उजेडात दिसतात, आडव्या दुसऱ्या, म्हणून एका फोटोवर अंक वाचणारा हमखास फसतो. ठसा घ्यायचा तर खळ नसलेला कागद भिजवून दगडावर बसवायचा, दाट केसांच्या ब्रशने ठोकत खाचांत उतरवायचा, अर्धा सुकू द्यायचा आणि मग काजळी-डिंकाच्या शाईचा बोळा हलक्या हाताने थोपटायचा. कागद ओला असताना शाई लावली तर ती खाचेत झिरपते आणि ३ चा ८ होतो. तुमच्या १६८२-८३ ला हा अपघात फारच सोयीचा आहे.

कायद्याचं एक वाक्य टाका. जमिनीत मिळालेल्या, १० रुपयांहून जास्त मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, कायदा १८७८ चा. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाला वर १९७२ चा पुरावशेष कायदा. बिल्डरला काम थांबण्याची भीती, म्हणून दगड रात्रीत हलवला जातो. खलनायक आयताच मिळाला.

---

खाडीपल्याड

भूगोल बघा. माहीम-वांद्रे पूल १८४६ चा, लेडी जमशेटजींच्या पैशातून झालेला. १६८३ मध्ये पूल नाही, म्हणजे होडी. वांद्र्याच्या टोकाला पोर्तुगीजांचा १६४० चा किल्ला, खाडीच्या तोंडावर नजर ठेवून. नायक रात्री पोहून गेला वगैरे लिहू नका.

आणि भरती-ओहोटी. पंचांगींनी पौर्णिमा काढून दिली आहेच. कोकणातला हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि रात्री अकरा-बाराच्या सुमारास पाणी तुडुंब, आणि सहाच्या आसपास, नेमकी होळी पेटायच्या वेळेला, ओहोटी. पौर्णिमेचं उधाण असल्याने पाणी जितकं चढतं तितकंच उतरतं. संध्याकाळी खाडीत गुडघाभर चिखल आणि रुतलेल्या होड्या. तेव्हा नायकाने माहीमला होळी पाहावी, अडकून पडावं आणि मध्यरात्रीच्या भरतीला पलीकडे जावं. त्याला वाटतं आपण तीन तासांत एक वर्ष ओलांडलं.

शिमगा लिहिताना एवढं सांभाळा की वरळी कोळीवाड्यात होळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री लागते. तुमचे कोळी तसे दाखवलेत तर शुद्ध चौदा येईल, तारखाही एकेक दिवस मागे न्याव्या लागतील. पंधराच ठेवायची तर 'हुताशनी पौर्णिमा' म्हणा आणि पुढे जा.

वेलार्ड मात्र या कथेत बसत नाही. हॉर्नबी १७७१ ते १७८४ गव्हर्नर, म्हणजे तुमच्या होळीनंतर शंभर वर्षांनी. बांध पुन्हा पुन्हा ढासळतो, बांधाचं काम पाहणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी येते, समुद्रातून तीन मूर्ती निघतात आणि मग बांध टिकतो, ही कथा मोठी गोड आहे. पण १६८३ ला वरळी आणि महालक्ष्मीच्या मधलं खिंडार उघडंच होतं आणि भरतीला पाणी आत शिरायचं. कथा वापरायचीच तर उलटी वापरा. नायक १६८३ मध्ये कोळ्यांना सांगतो की इथे एक दिवस बांध होईल, देवी वर येईल. शंभर वर्षांनी कुणाला ते 'स्वप्नात' दिसतं. दंतकथेला हात न लावता तिचं मूळ तुमचं झालं.

---

चाळीतला_लेखक

अहो, हे तर कथेपेक्षा भारी झालं. शेवटचं उलटं वेलार्ड घेतो.

पंचांगी, एक शंका. मी मोबाईलवर तपासलं तर २ मार्च १६८३ ला मंगळवार दाखवतोय, शुक्रवार नाही. २ मार्च १६८२ टाकलं तर सोमवार. मग?

---

पंचांगी

दोन्ही चूक, आणि ही चूक तुमच्या नायकाने करायलाच हवी. मोबाईल, पायथन वगैरे सगळे आजची ग्रेगोरियन गणना डोळे मिटून मागे ओढतात. त्यांना विचारायचं तर वांद्र्याची तारीख विचारा: १२ मार्च १६८३. शुक्रवार येईल. माहीमची तारीख टाकायची तर आधी साल सरळ करा, मग १० दिवस मिळवा. तसंच ६ जून १६७४, शिवराज्याभिषेक. मोबाईल बुधवार म्हणतो, प्रत्यक्षात शनिवार. ६ जून ही जुन्या गणनेची तारीख आहे, नव्या गणनेने १६ जून.

एक्सेलचा पत्ता इथे उपयोगाचा नाही, तिथे तारखा १९०० पासूनच सुरू होतात.

आणखी एक पडताळा हवा तर ईस्टर घ्या. १६८३ मध्ये दोन्ही पंथांचा ईस्टर गणिताने एकाच रविवारी येतो. माहीमला ८ एप्रिल, वांद्र्याला १८ एप्रिल. म्हणजे तुमची होळी वांद्र्यात उपासाच्या चाळीस दिवसांत पडते, आणि शुक्रवार असल्याने मांस बंद. मध्यरात्री उतरलेल्या नायकाला पाद्रीबाबा मासळी वाढेल, कोंबडी नाही.

---

दगडधोंडे

'नायकाच्या सहीतलं चिन्ह' जरा जपून. यंत्राविना चालणारं स्पष्टीकरण चिन्हालाही हवं, नाहीतर तारखा सुटतील आणि चिन्ह लटकत राहील. होडीच्या उतारावरच्या दगडावर दोन्ही बाजूंचे लोक खूण करतील याला सबळ कारण आहे: पोर्तुगीज ठाणे आणि करंजा इथे इंग्रजांच्या मालावर जकात घ्यायचे, त्यावरून कायम तंटा. मग हा दगड तराच्या (होडीच्या फेरीच्या) हद्दीचा, खूण तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, आणि साक्षीला एक इंग्रज कारकून व एक वांद्र्याचा पाद्री. दोघांनी एकाच रात्री आपापली तारीख घातली. चिन्ह तांडेलाच्या घराण्याचं, आणि नायकाच्या आजीच्या पेटीवरही तेच. सहीत ते आलं कुठून, हे त्याला कळतं. किंवा कळलं असं वाटतं.

---

खाडीपल्याड

+१. आणि दुसरा भाग लिहायचा असेल तर त्याच वर्षाअखेर सोन्यासारखी तारीख पडून आहे. कॅप्टन केग्विनने कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई इंग्लंडच्या राजाच्या नावाने ताब्यात घेतली, २७ डिसेंबर १६८३. वांद्र्यात तेव्हा ६ जानेवारी १६८४. माहीमच्या बाजूला ख्रिसमस होऊन दोन दिवस झालेत, वांद्र्याला तीन राजांचा सण चालू आहे.

---

चाळीतला_लेखक

तांडेल घेतला. कार्बन डेटिंग उडवलं. लिपी नागरी, संवत्सर 'पिंगल', आणि त्यावरून एक म्हातारा लिपीतज्ज्ञ 'वर्ष एकाने चुकलंय, तरी खरं आहे' म्हणतो.

एकच राहिलं. नायक आजच्या दुपारी बरोबर १२ ला निघतो आणि १६८३ च्या त्याच क्षणी पोचतो. सूर्य डोक्यावर लिहिलाय.

---

पंचांगी

डोक्यावर नसेल. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, मुंबई ७२ अंश ५० कलांवर. अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३९ मिनिटांचा फरक. मुंबईने हा स्वतःचा वेळ १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतरही सोडला नव्हता, पालिकेची घड्याळं १९५५ पर्यंत 'मुंबई टाइम' दाखवायची. वर मार्चच्या मध्यात सूर्य आणखी दहाएक मिनिटं रेंगाळतो. माध्यान्ह १२ वाजून ४९ मिनिटांना धरा. मनगटावरचे १२ वाजलेले असताना सावली अजून पश्चिमेकडे झुकलेली दाखवा, आणि भरती चढती.